शुभ असतं म्हणे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या विंगमधल्या काकू सगळ्यात शेवटी आल्या. गर्दी ओसरली होती, म्हणून लेकीने तिच्या खोलीचं दार उघडलं आणि दुपारपासून आत वैतागलेली आमची पाळीव पक्षीण टिकली सुटली ती थेट हॉलमध्ये, दोन चकरा मारल्या आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसली. दांडीच्या बरोब्बर खाली काकू. पुढचं सांगायला नको. जांभळी पैठणी, नेमका खांदा. काकू मोठ्या मनाच्या, "असू दे गं, शुभ असतं म्हणे," म्हणाल्या, मी ओल्या फडक्याने टिपून दिलं, ड्रायक्लीनचं विचारलं तर नको नको म्हणाल्या, तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं. आणि दाराशी चपला घालताना एकदम मायेने म्हणाल्या, "तुमच्याकडे जरा वास येतो ना पक्ष्यांचा. तुम्हाला आता सवय झाली असेल."

पैठणीचं मी विसरले असते. हे "सवय झाली असेल" मात्र डोक्यातून जाईना.

कारण आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही हे खरंच आहे. मी बाहेरून आल्यावर दारात उभी राहून नाक ताणून वास घेऊन बघायला लागले, नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला "कसला वास?", ह्याचा अर्थ एकतर वास नाही किंवा त्याला सकाळी सकाळी भांडण नको. लेकीला विचारून उपयोग नाही, तिच्या मते टिकलीच्या मानेला बिस्किटासारखा वास येतो आणि तिथे नाक खुपसून ती दिवसभर बसू शकते. शेवटी कामाच्या मावशींना विचारलं. त्या लादी पुसता पुसता म्हणाल्या, "पाखरांचा नाय येत ताई. तुमच्या त्या व्हिनेगरचा येतो. फिनेल आणा म्हणून कवाची सांगतेय."

तर मूळ दुखणं हे. टिकली म्हणजे आमची कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट, दोन्ही गालांवर नारिंगी गोल ठिपके म्हणून टिकली. दुसरा फुटाणा, बजी, त्याहून छोटा पोपट, हिरवा, वजन ३०-४० ग्रॅम, आवाज मात्र अख्ख्या मजल्याला पुरेल एवढा. दोघं रोज काही तास मोकळे असतात आणि ते आल्यापासून आमच्या घरातून एकेक वस्तू हद्दपार होत गेली. फिनेल गेलं. रूम फ्रेशनर गेला. डासांची कॉइल, ते प्लगमधलं लिक्विड, झुरळांचा स्प्रे गेला. उदबत्ती बाल्कनीत गेली. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यासारखी नसतात, आपल्या छातीत हवा आत येते आणि आल्या वाटेनेच परत जाते, त्यांच्या फुप्फुसातून मात्र ती हवेच्या पिशव्यांच्या मदतीने एकाच दिशेने वाहत राहते. उडायला एवढा प्राणवायू लागतो म्हणून ही सोय, पण हवेत जे काही वाईट असेल तेही तेवढ्याच झपाट्याने अंगात जातं. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींमध्ये विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी खाली नेत ते ह्याचमुळे, आणि ती पद्धत बंद करायचं ठरलं ते थेट १९८६ साली. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हाही कुठेतरी एक पिवळा पक्षी माणसांच्या आधी मरायच्या ड्युटीवर होता. हे वाचल्यापासून मला आमच्याकडे धूप घालायची कल्पनाच सहन होत नाही.

तर स्वच्छ घर आणि सुरक्षित घर ही दोन वेगळी घरं आहेत आणि आपल्याला लहानपणापासून फक्त पहिल्याचं शिक्षण मिळालेलं असतं. पाहुणे यायचेत, काय करतो आपण? लादी फिनेलने पुसायची, उदबत्ती लावायची, कोपऱ्यात फस्सकन काहीतरी मारायचं. घर कसं प्रसन्न वाटतं. ह्या प्रसन्नतेतली एकही गोष्ट पक्षी घरात मोकळा असताना चालत नाही. मग उरतं काय, तर गरम पाणी, थोडं व्हिनेगर, फडकं आणि हाताचा जोर. व्हिनेगरसुद्धा पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडकी उघडून, वास गेल्यावरच ह्यांना बाहेर काढायचं. मावशींचा ह्यावर अजिबात विश्वास नाही. त्यांच्या मते ज्याचा वास डोळ्यात जात नाही त्याने लादी स्वच्छ होऊच शकत नाही.

आता पसाऱ्याचं. लोकांना वाटतं पसारा म्हणजे शी. शी हा त्यातला सोपा भाग आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक, हिशोब ठरलेला, वाळली की टिश्यूने किंवा नखाने अख्खी टवका निघते, ओली असताना पुसायला गेलं तर मात्र सोफ्यावर नकाशा तयार होतो. हे कळायला काही महिने आणि एक सोफाकव्हर जावं लागतं. खरा पसारा फोलपटांचा. राळे, बाजरी, एकेक दाणा चोचीत फिरवून सोलायचा, आतला खायचा आणि साल फुंकून द्यायची, ती साल इतकी हलकी की पंखांच्या वाऱ्याने खोलीभर होते, डाळीच्या डब्यात सापडते, माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये सापडते, एकदा ऑफिसात बॅग उघडली तर मीटिंगच्या टेबलावर भुरभुरली. आणि कॉकाटीलची पावडर. ह्यांच्या अंगावर एक प्रकारची बारीक पिसं असतात ती सतत कुस्करून पांढरी पूड होते आणि ती पूड ते चोचीने सगळ्या अंगाला लावत बसतात, एकदा जोरात अंग झटकलं की उन्हाच्या पट्ट्यात ती उडताना चक्क दिसते. काळा टीव्ही आमच्याकडे कायम करडा असतो. त्यावर बोटाने लेकीने "टिकली" असं लिहून ठेवलंय आणि दर चार दिवसांनी ते परत लिहिते.

ही पूड मात्र हसण्यावारी न्यायची नाही. कोरड्या झाडूने पिंजऱ्याखालचं झाडलं तर ते सगळं हवेत, आणि तिथून छातीत. काही लोकांना वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या धुळीत राहून फुप्फुसाचा कायमचा त्रास होतो, ते खरं आहे, बाऊ नाही. म्हणून आधी पाणी फवारायचं, मग कागद गुंडाळायचा, मास्क लावायचा. कोरोनाचे उरलेले मास्क ह्या कामी आले. आठवड्यातून दोन-तीनदा दोघांना अंघोळ, टिकलीला फवाऱ्याने आणि फुटाण्याला कोथिंबिरीच्या ओल्या जुडीत, तो त्या पानांत लोळतो, भिजून अर्धा होतो आणि मग तासभर सगळ्यांवर रागावलेला असतो.

पण शीबद्दल माझं मत बदललंय, म्हणजे मी आता ती बघते. नीट बघते. ताज्या शीचे तीन भाग असतात, मधला हिरवट किंवा तपकिरी वेटोळा, त्याच्यावर पांढरा खडूसारखा, तो त्यांच्या लघवीतला घट्ट भाग, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. तिन्ही जागच्या जागी असले की दिवस सुरू करायला हरकत नाही. पांढरं पिवळट झालं, पाणी फार वाढलं, किंवा दिवसभरात मोजक्याच दिसल्या तर डॉक्टर. पक्षी आजार लपवतो, जंगलात आजारी दिसलेला पक्षी पहिला उचलला जातो, त्यामुळे तो शेवटच्या क्षणापर्यंत फांदीवर शहाण्यासारखा बसून राहतो आणि ज्या दिवशी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याच्याबद्दल खरं काय ते फक्त कागदावर पडतं. म्हणून तळाशी साधा पांढरा कागद, रोज नवा. रंगीत जाहिरातींचा पेपर घातला की काही कळत नाही. एकदा सकाळी सगळं लालभडक दिसलं, माझे हातपाय गळाले, नवऱ्याने गाडीची किल्ली घेतली, आणि सासूबाई देवघरातून शांतपणे म्हणाल्या, "काल बीट कोणी दिलं होतं त्याला?"

उडण्याच्या जागा ठरलेल्या असतात हे एकदा लक्षात आलं की निम्मा प्रश्न सुटतो. हे लोक कुठेही बसत नाहीत. पडद्याची दांडी, फ्रिजचं टोक, पुस्तकांच्या कपाटाची वरची कड आणि माझं डोकं. तेवढ्याच जागांखाली कागद किंवा जेवणाच्या टेबलावर घालतात ते प्लास्टिक अंथरायचं. "ट्रेनिंग दिलंय का?" असं विचारतात लोक. दिलंय की, आम्हाला. सकाळची पहिली, रात्रभर साठलेली, ती भलीमोठी असते, ती पिंजऱ्यात झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी सोफा वाचतो.

पसारा पुसता येतो हो. जीव धास्तावतो तो वेगळ्याच गोष्टीने.

पंखा. आपल्या देशात घरात पक्षी मोकळा सोडायचा म्हणजे पहिला शत्रू छतालाच टांगलेला असतो. पक्ष्याला घरातली सगळ्यात उंच जागा हवी असते आणि फिरती पाती त्याला धड दिसत नाहीत. मी हे पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्या कराडच्या घरात फोटोंच्या मागे चिमण्यांची घरटी असायची, तुमच्याकडेही असतील, गवताच्या काड्या जेवणाच्या ताटात पडायच्या, आई कुरकुरत झाडायची आणि घरटं काढायला मात्र कोणी तयार नसायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी पंख्याच्या वरच्या वाटीत घरटं केलं. ती चिमणी पंख्याला लागते ना, तो आवाज "धप्प" असा नसतो, "टक्" असा असतो, एखादं बटण जमिनीवर पडल्याएवढा. भिंतीला लागून ती खाली आली आणि वडिलांनी तिला तळहातावर घेऊन चोचीत पाण्याचा थेंब सोडायचा प्रयत्न केला. मग त्यांनी स्टुलावर चढून पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, डॉक्टर लावतात ती पांढरी, कारण पिल्लं अजून वाटीत होती आणि नर एकटाच ये-जा करत होता. कराडचा मे महिना. पुठ्ठ्याने वारा घेत आम्ही झोपलो, कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही, किंवा केली असेल पण वडिलांपुढे नाही. पिल्लं उडाली तेव्हा पट्टी निघाली, तिचा चिकट चौकोन त्या स्विचबोर्डवर घर विकेपर्यंत होता.

आमच्या हॉलच्या पंख्याच्या बटणावर आता कागदी टेप आहे. कारण घरातली माणसं लक्षात ठेवतात, पाहुण्यांचा हात मात्र आत आल्या आल्या सवयीने बोर्डाकडेच जातो, "काय उकडतंय बाई" हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत. टेप सोलायला दोन सेकंद लागतात आणि त्या दोन सेकंदांत कोणीतरी ओरडतं. त्यातून टिकलीला बंद पंख्याच्या पात्यावर बसून डुलायचा छंद, म्हणजे बंद पंखासुद्धा वर बघितल्याशिवाय चालू करायचा नाही. उन्हाळ्यात आम्ही त्यांना पहाटे सहाला बाहेर काढतो, दुपारी ते आत आणि आमचा पंखा सुरू. एसीचं बिल हा ह्या घरात वेगळा विषय आहे, तो नवऱ्याने लिहावा.

खिडक्यांचं तर भलतंच. आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी होती, आधीपासून, सगळ्यांनाच असते. बाहेरचे पक्षी आत येऊ नयेत म्हणून पैसे मोजून लावलेली जाळी आता आतले बाहेर जाऊ नयेत म्हणून तपासत बसते मी. आणि ती पुरत नाही, तिच्या चौकोनातून फुटाण्याचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचा फुटाणा जातोच. म्हणून सरकत्या खिडक्यांना डासांची बारीक जाळी वेगळी, आणि बाल्कनीचं दार उघडायच्या आधी "दोघं कुठायत?" अशी आरोळी. २०२५ साली कबुतरांमुळे फुप्फुसाचे आजार होतात म्हणून दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून एवढं रामायण झालं तेव्हापासून आमच्या सोसायटीतला प्रत्येकजण फुप्फुसतज्ज्ञ झालाय आणि लिफ्टमध्ये माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, जणू मी घरात कबुतरखानाच चालवते. मी समजावत नाही. एकतर त्यांची भीती अगदीच खोटी नाही, आणि दुसरं म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत किती समजावणार. काचांवर लेकीचे स्टिकर आहेत, कारण स्वच्छ पुसलेली काच पक्ष्याला दिसतच नाही, त्याच्या लेखी ते आकाश असतं. मावशी काच चकचकीत करतात आणि मी त्यावर कागद चिकटवते, असा आमचा शांततामय संघर्ष चालू असतो.

पंख कापून टाका, हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. दुकानदार तर कात्री हातात घेऊनच विचारतो, घेताना कापून देऊ का, फ्री आहे. दुखत नाही, हे खरं, पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे नखासारखं निर्जीव, पुढच्या पिसंझडीत नवं येतं. पंखा, खिडकी, गॅस, सगळ्या कटकटी एका कात्रीत संपतात. मी बराच विचार केला ह्यावर आणि अजूनही जे कापतात त्यांना मी नावं ठेवत नाही, घरात सारखी ये-जा असेल, दार धडाधड उघडत असेल तर काय करणार माणूस. पण पंख कापलेला पक्षी सुरक्षित असतो हे मला पटत नाही. तो जमिनीवर चालतो, म्हणजे पायाखाली येतो. बाहेर पडलाच तर वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत तरंगत जातो, पण तिथून उठून झाडावर जाऊ शकत नाही, आणि खाली मांजर असतेच. शिवाय आजोळी पडवीत मिठू होता, तुळईला टांगलेला, गोल पिंजरा. तेव्हा वन्यजीव संरक्षण कायदा होता, १९७२ पासून होता, पण आमच्या आजोळापर्यंत पोचला नव्हता. मिठूचा पसारा शून्य, खाली शेणाने सारवलेली जमीन, पडलेला दाणा कोंबड्या टिपायच्या. अपघाताची भीती शून्य. सगळ्यांची नावं घ्यायचा. आणि मी एकदाही त्याला पंख पूर्ण उघडलेला पाहिला नाही, जागाच नव्हती.

आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे म्हणून आपण हे ऑस्ट्रेलियातले पाळतो आणि मन मोकळं करतो, हे मला कळतं. सासूबाई तर तोंडावर म्हणतात, "पाप ते पाप, पासपोर्ट कुठला का असेना." माझ्याकडे ह्याचं उत्तर नाही. पिंजऱ्यात जन्मलेले आहेत, बाहेर सोडले तर कावळे आणि घारी दोन दिवस टिकू देणार नाहीत, हे मी म्हणते, त्या "हं" म्हणतात आणि फुटाण्यासाठी दुधी किसायला घेतात.

बाकी धोके बारीक बारीक आणि म्हणूनच वाईट. दाराच्या वरच्या कडेवर बसायला ह्यांना आवडतं आणि आपण दार न बघता ओढतो. बाथरूममधली भरलेली बादली, हिची कड निसरडी, आत पडला तर वर येता येत नाही, म्हणून सगळ्या बादल्यांवर झाकणं. गॅसवर दूध, तळणाची कढई. पोळ्या करताना टिकलीला माझ्या खांद्यावर यायचं असतं, तव्याच्या वाफेचं तिला काय वाटतं कोण जाणे, पण स्वयंपाकघराचं दार बंद म्हणजे बंद, ती बाहेर पायऱ्यापायऱ्यांची शीळ घालत बसते आणि आत मला पोळी लाटताना अपराधी वाटतं. दिवाळीत वेगळंच. कॉकाटील अंधारात दचकतात, मध्यरात्री एक सुतळी बॉम्ब वाजला की आत फडफडाट, पिंजऱ्याच्या गजांवर पंख आपटून रक्त निघतं. तेव्हापासून झिरोचा दिवा रात्रभर आणि लक्ष्मीपूजनाला मी पिंजऱ्याशेजारी गादी टाकून झोपते.

काकूंची आणि माझी परवा लिफ्टमध्ये गाठ पडली. पैठणीचा डाग गेला म्हणाल्या. वास येतो का आता, असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात त्यांचा मजला आला. येत असेल. व्हिनेगरचा, ओल्या राळ्याचा, पावडरचा, मिळून काहीतरी येतच असेल.

आणि हो, चुलत नणंदेने वास्तुशांतीची परतभेट म्हणून नॉनस्टिकचा अख्खा सेट पाठवलाय, तवा, कढई, आप्पेपात्र. ते कोटिंग रिकाम्या भांड्यात जास्त तापलं, २६०-२८० अंशांच्या पुढे गेलं की त्यातून वायू निघतो, आपल्याला फ्लूसारखी कणकण येऊ शकते, पक्षी शेजारच्या खोलीत असला तरी काही मिनिटांत मरतो. तवा गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहणं ह्या घरात नवीन नाही, त्यामुळे आमच्याकडे बिडाचा तवा आणि लोखंडी कढईच. नणंद दर फोनला विचारते, "आप्पे केलेस का गं?" मी म्हणते, "छान झाले." सेट माळ्यावर आहे, सील उघडलेलं नाही. ज्यांच्याकडे पक्षी नाहीत अशा कोणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त तिला सांगू नका.